गंगा तलावाच्या पायऱ्यांवर

"यातून आग यायची?" कुमुदने विचारलं.

लोखंडी कठड्याला धरून ती खाली वाकली होती. खाली मोठ्या कढईसारखा खोलगट खड्डा, आतल्या उतारांवर दाट झाडी आणि तळाशी गढूळ पाण्याचं डबकं. वारा बोचरा होता. तिने शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेतली होती.

"आग नव्हे, शिलारस," मी म्हणालो. "पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक. हे अख्खं मॉरिशस त्याचंच झालंय. समुद्राच्या तळातून थरावर थर साचत वर आलं."

"आणि आता?"

"आता झोपलाय. मेलेला ज्वालामुखी वेगळा, झोपलेला वेगळा. झोपलेला पुन्हा जागा होऊ शकतो."

कुमुदने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "थंडी वाजतेय. गाडीत बसू या."

मी कराडच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीचा छेद काढायचो, पण प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता. आमचा एकुलता एक मुलगा श्रीरंग माझ्याच वर्गात होता तेव्हा त्याने एकदा हात वर करून विचारलं होतं, "सर, तुम्ही स्वतः बघितलाय का?" वर्गात तो मला सरच म्हणायचा. सगळा वर्ग हसला होता, मीही हसलो होतो. पुढे तो केक-पेस्ट्री करायला शिकला आणि मॉरिशसच्या एका हॉटेलात कामाला लागला. तिथून त्याचा फोन आला, "बाबा, इथे गावाच्या मधोमध ज्वालामुखीचं तोंड आहे. लोक सकाळी त्याच्याभोवती फिरायला जातात. दिवाळीत या तुम्ही दोघं. दाखवतो." मागे लागून त्याने आम्हाला पासपोर्ट काढायला लावले.

दिवाळीपर्यंत थांबावं लागलं नाही. ऑगस्टमध्येच त्याच्या हॉटेलातून फोन आला.

सुट्टीच्या दिवशी तो दोन मित्रांबरोबर बेटाच्या दक्षिण टोकाला गेला होता. बाकीच्या बेटाला प्रवाळाची भिंत आहे, लाटा दूरवरच अडतात. त्या एका भागात ती भिंत नाही. समुद्र सरळ काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. श्रीरंग खालच्या खडकावर उतरून फोटो काढत होता. एक लाट आली. ती ओसरली तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. पुढे बरेच दिवस बोटी फिरल्या, हेलिकॉप्टर फिरलं. काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा शोध थांबला होता. वाकवा नावाच्या गावात तो ज्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, तिथेच आम्ही उतरलो. घर अनसूया भिवाजी यांचं होतं. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, नवरा वारलेला, मुलगी फ्रान्समध्ये. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून इथे उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून आले. "माझ्या नवऱ्याच्या पणज्याचा नाव भिवाजी," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बोटीवरून उतरला तर गोऱ्यानं तेच आडनाव लिवलान." त्यांचं मराठी जुनं आणि अडखळतं होतं, मध्येच त्यात क्रिओल भाषेतले शब्द यायचे. मला त्या दादा म्हणत, कुमुदला वहिनी.

त्या दिवसांत मी फक्त नकाशा बघत असे. हिंदी महासागराचा मोठा प्रवाह मॉरिशसपासून पश्चिमेकडे वाहतो. पश्चिमेला रेयुनियन, फ्रेंचांचं बेट, त्याच्यापुढे मादागास्कर. श्रीरंग कृष्णेत पोहायला शिकलेला. एखाद्या मच्छीमार बोटीने त्याला उचललं असेल, कुठल्या तरी लहान बंदरात उतरवलं असेल, डोक्याला मार लागून त्याला नाव आठवत नसेल. असं घडतं. हे मी पोलिसांना सांगितलं, वकिलातीतल्या बाईंना सांगितलं, श्रीरंगच्या मित्रांना सांगितलं. सगळे ऐकून घेत. वकिलातीतल्या बाईंनी तर रेयुनियनला फोनही लावला होता. कुमुदही शेजारी बसून ऐकायची. ती रडतही नव्हती. अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायची, श्रीरंगचे कपडे धुऊन, इस्त्री करून घड्या घालायची.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिनेच विषय काढला. "अनसूयाबाई गाडीने बेट दाखवते म्हणतात. जाऊन येऊ."

मला आश्चर्य वाटलं. "आत्ता? बेट बघायला?"

"तो दाखवणार होता ना. आपण बघितलं नाही तर त्याला काय सांगणार?"

'त्याला काय सांगणार' हे शब्द मी धरून बसलो. वाटलं, हिलाही आता पटलंय. मी बूट घातले.

ज्वालामुखीच्या तोंडापासून निघालो आणि उसाच्या शेतांतून रस्ता खाली उतरू लागला. तोडणी चालू होती. शेतांमध्ये जागोजाग काळ्या दगडांचे मोठे ढीग रचून ठेवलेले, देवळाएवढे उंच.

"हे काय?" मी विचारलं.

"शेतातले दगड," गाडी चालवता चालवता अनसूयाबाई म्हणाल्या. "आमच्या लोकांनी हातानं उचललेनी. बाया, पोरं, समदे. ऊस लावायचा तर आदी दगड काढायचे."

"आपल्याकडचाच दगड आहे," मी कुमुदला म्हणालो. "बेसाल्ट. सह्याद्री त्याचाच. म्हणजे बघ, श्रीरंग घरापासून फार लांब नाही आला."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, सकाळपासून ती तिने खाली ठेवली नव्हती. आत काय आहे विचारलं तेव्हा म्हणाली, "खायचं आहे."

शामारेल नावाच्या ठिकाणी रंगीत माती बघितली. झाडांच्या मध्ये अचानक उघडी टेकाडं, लाल, जांभळी, पिवळी, तपकिरी, आणि त्यांच्यावर गवताचं पातंही नाही. लाव्हाची राख झिजून अशी माती होते, आणि तिचे रंग पावसातही एकमेकांत मिसळत नाहीत, हे मी तिथल्या फलकावर वाचलं आणि मोठ्याने कुमुदला समजावून सांगितलं. आजूबाजूला नवी लग्न झालेली जोडपी फोटो काढत होती. एका मुलीने हिंदीत विचारलं, "अंकल, तुम्हा दोघांचा काढू का?" मी लगेच मोबाइल दिला. कुमुद माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तो फोटो अजून आहे. त्यात मी हसतोय.

"त्याला दाखवू," मी म्हणालो.

"हं," कुमुद म्हणाली.

बाहेरच्या एका गाडीवर ढोलपुरी मिळत होती. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण घातलेली मऊ, पातळ पोळी, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. अनसूयाबाईंनी मला कागदात गुंडाळून दिली. स्वतः घेतली नाही. कुमुदनेही नको म्हटलं.

"का गं? सकाळपासून चहाशिवाय काही नाही तुझ्या पोटात."

"नंतर खाईन."

"पिशवीतलं खा मग."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला ते दिसलं, आणि मी ते मनावर घेतलं नाही. मला भूक लागली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खरी भूक लागली होती. मी दुसरी पुरी मागितली.

परत वर चढताना एका वळणावर अनसूयाबाईंनी गाडी थांबवली. खाली समुद्र, आणि समुद्रात घुसलेला एक उभ्या कड्यांचा डोंगर. "ल मोर्न," त्या म्हणाल्या. "पळालेले गुलाम वर लपायचे. गुलामी बंद झाली तवा सांगाया शिपाई वर गेले. ह्यांना वाटला, धराया आले. उड्या टाकलेनी. असा सांगतात."

"म्हणजे बातमी चांगली होती," मी म्हणालो. "थोडं थांबले असते तर?"

कुमुदने पिशवी जवळ ओढून घेतली.

"म्हणूनच म्हणतो, घाई करू नये माणसाने," मी पुढे बोलत राहिलो. "उद्याचं विमान आपण पुढे ढकलू. रेयुनियनला जायचा काही तरी मार्ग निघेल. तिथली इस्पितळं स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

"चला," कुमुद अनसूयाबाईंना म्हणाली. "उशीर होतोय आपल्याला."

गंगा तलाव डोंगरात उंचावर आहे. तोही ज्वालामुखीच्याच जुन्या तोंडात साठलेलं पाणी. काठाकाठाने देवळं, दुरून दिसणारी शंकराची प्रचंड मूर्ती, आणि सगळ्यावर धुकं. शिवरात्रीला इथे बेटभरचे लोक चालत येतात, असं अनसूयाबाई सांगत होत्या. त्या दिवशी गर्दी नव्हती. झाडांवर माकडं बसली होती. मला वाटलं दर्शन घेऊन निघायचं. पण त्या आम्हाला देवळांच्या मागून, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर धोतर नेसलेले, वर लोकरीचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ पाट मांडून बसले होते. आम्हाला बघून ते उठले.

"या मास्तर," ते मराठीत म्हणाले.

मी कुमुदकडे वळलो. तिने पिशवी खाली ठेवली होती आणि एकेक वस्तू काढत होती. नवं धोतर. दर्भाची जुडी. काळ्या तिळांची पुडी. तांब्याचं ताम्हन. आणि स्टीलच्या डब्यात शिजवलेला भात.

"हे काय आहे?"

"बसा," ती म्हणाली.

"कुमुद, हे काय आहे?"

"तुम्हाला माहीत आहे काय आहे."

मी उलटा फिरलो आणि पायऱ्या चढू लागलो. तिने मागून माझा हात धरला. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पोलिसांच्या कागदावर मी सही केलेली नाही," मी म्हणालो. "कोणी काही सिद्ध केलेलं नाही. शरीर सापडलेलं नाही. तू आई आहेस त्याची! आणि तू त्याला..."

"मी आई आहे म्हणूनच." तिचा आवाज चढला नाही. "त्याला अंघोळ नाही मिळाली. अग्नी नाही मिळाला. कोणी तोंडात पाणी घातलं नाही. तो तसाच आहे कुठे तरी. तुम्ही नकाशावर बोट फिरवत बसता आणि तो तसाच आहे. निदान इतकं तरी द्या त्याला."

"आणि तो उद्या दारात उभा राहिला तर?"

"तर मी त्याच्या पाया पडेन. अहो, माझा मुलगा गेला. आता तुम्हीही चाललाय माझ्या डोळ्यांसमोर. दोघांना कुठे शोधू मी?"

भटजी वर आले. शांत माणूस होता. म्हणाले, "मास्तर, नदीत, समुद्रात गेलेल्यांचं इथे आम्ही असंच करतो. बाकीचं तुम्ही गावी करा. इथे फक्त पाणी आणि पिंड." मग थोडं थांबून म्हणाले, "जबरदस्ती नाही."

अनसूयाबाई पदराने डोळे पुसत बाजूला उभ्या होत्या. मी कुमुदकडे बघत होतो. इतक्या दिवसांत मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. गालांची हाडं वर आली होती. उपवासाने ओठ सुकले होते. मला वाटलं, हिच्यासाठी करू. मनातून मानायचं नाही, फक्त हात हलवायचे.

मी धोतर नेसलो. पाटावर बसलो. थंडीने दात वाजत होते. भटजींनी गोत्र विचारलं, मी सांगितलं. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला लावलं, घेतलं. भाताचा गोळा करून दर्भावर ठेवला, वर तीळ टाकले, पाणी सोडलं. सगळं मी परक्यासारखं करत होतो.

"आता माझ्यामागून म्हणा," ते म्हणाले आणि एक वाक्य त्यांनी उच्चारलं. त्यात श्रीरंगच्या नावाला जोडून 'प्रेत' असा शब्द होता.

मी नाव म्हटलं आणि थांबलो.

"पुढे म्हणा."

"नुसतं नाव नाही चालणार?"

"नाही मास्तर."

कुमुद माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "म्हणा."

मी म्हणालो. भटजींनी ते वाक्य आणखी दोनदा म्हणायला लावलं. मनातून मानायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो शब्द माझ्याच आवाजात माझ्या कानांवर पडला आणि आत काही तरी सुटलं. खडक दिसला, लाट दिसली. श्रीरंग पोहणारा होता खरा, पण नदीत. तिथल्या कड्यावर आपटून परत आलेलं पाणी माणसाला श्वास घेऊ देत नाही, हे मला, भूगोलाच्या मास्तराला, पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी ओंजळीत पिंड उचलला, शेवटच्या पायरीवर गेलो आणि तो पाण्यात सोडला.

तो बुडाला नाही, क्षणभर तरंगला. मग पायरीखालच्या अंधारातून काही तरी लांबट, काळं वर आलं. वाम, सापासारखी मासोळी. मनगटाएवढी जाड. तिच्यामागून दुसरी, तिसरी. लोक इथे प्रसाद टाकतात, त्यांना सवय असावी. पिंडाला त्यांनी चहूकडून तोंडं लावली आणि तो फुटला. पाणी पांढरं झालं, त्यात ती काळी अंगं वळवळू लागली.

कुमुदची किंकाळी मी तेव्हा ऐकली.

काही कळायच्या आत ती माझ्या बाजूने पाण्यात उतरली होती. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. दोन्ही हातांनी ती पाण्यावर मारत होती. "सोडा! सोडा त्याला!" भाताची शितं ती मुठीत धरायला बघत होती, ती बोटांमधून निसटत होती. "अहो, खातायत ते त्याला! बघा ना, खातायत! काढा त्याला बाहेर!"

मी उडी घेऊन तिला मागून मिठी मारली. ती मला ढकलत होती, चावलीसुद्धा. भटजी धावले, अनसूयाबाई धावल्या. तिघांनी मिळून तिला पायरीवर ओढून घेतलं. तिची साडी पाण्याने जड झाली होती, केस सुटले होते. मूठ उघडेना. अनसूयाबाईंनी हळूहळू बोटं सोडवली तर आत तिळाचे चार दाणे होते.

"झालं वहिनी," त्या रडत म्हणत होत्या. "पावला त्याला. झालं."

"काही झालं नाही," कुमुद म्हणाली. तिचे दात वाजत होते. "काही झालेलं नाही. मी उगीच केलं हे सगळं. तो नाही त्यात."

गाडीत मी तिला माझा कोट आणि अनसूयाबाईंची शाल गुंडाळली. अनसूयाबाईंनी हीटर लावला. धुक्यातून, चहाच्या मळ्यांमधून आम्ही खाली उतरत होतो. मग कुमुदने माझी बाही ओढली.

"अहो, तो प्रवाह कुठे जातो म्हणालात?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे लागले होते.

"पश्चिमेकडे," मी म्हणालो.

"मग?"

"मग रेयुनियन."

"तिथे माणसं चांगली आहेत?"

"आहेत. असतील."

इतक्या लोकांना मी ते सांगितलं होतं. त्यातला एक शब्दही खरा नाही हे ठाऊक असताना सांगायची ती पहिली वेळ. पुढे अनेक वर्षं मी तेच सांगत राहिलो.

आम्ही घरी आलो. गावी करायचं ते भटजींनी सांगितलं होतं, ते कुमुदने होऊ दिलं नाही. भिंतीवर फोटो लावू दिला नाही. माझ्या बहिणीने श्रीरंगच्या नावाआधी चुकून 'कै.' असं लिहिलेली पत्रिका पाठवली तेव्हा तिचं घरी येणं बंद झालं. साठीनंतर कुमुदने पुण्याहून फ्रेंच शिकायचं पुस्तक मागवलं. दुपारी जेवण झाल्यावर ती पुस्तक घेऊन बसायची, एकेक शब्द पुटपुटायची. म्हणायची, "तिथल्या कोणाचा फोन आला तर त्यांचं बोलणं कळायला नको?" ज्या बाईने कधी कराडच्या बँकेत एकटीने पाऊल टाकलं नव्हतं, ती परक्या भाषेत 'माझा मुलगा', 'उंच आहे', 'गालावर तीळ आहे' एवढं न अडखळता म्हणायला शिकली. मला म्हणून दाखवायची. मी बरोबर आहे म्हणायचो. मला फ्रेंच येत नाही.

ती विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मी म्हणायचो, "शक्य आहे." मी एकट्यानेही कधी रडलो नाही, कारण ती पटकन ओळखायची. कोणासाठी रडताय, असं तिने विचारलं असतं.

गेल्या वर्षी पोटाच्या आजाराने ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तिला सांगायची गरज पडली नाही. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती जागी आहे हे मला कळलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "मी वर गेले आणि तो तिथे नसला, तर तो इथेच कुठे तरी आहे असं समजायचं ना?"

माझा हात थांबला.

"हो," मी म्हणालो.

"मग तुम्ही जाल ना शोधायला? एकटे?"

"जाईन."

"नक्की?"

"नक्की जाईन."

तिचा चेहरा सैल झाला. डोळे मिटून ती म्हणाली, "मग तो तिथे नसू दे."

मी तेल लावत राहिलो. त्याच आठवड्यात ती गेली. तिचं सगळं मी शास्त्राप्रमाणे केलं, म्हणायचे ते सगळे शब्द म्हटले, एकदाही अडखळलो नाही. त्यानंतर मी कुठेही गेलेलो नाही.